महिंद्राची जुनी टू-व्हील जीप फोर-बाय-फोर करायची? आधी मागचं हौसिंग बघा

"पुढे एक हौसिंग टाकायचं, गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस लावायची, झाली गाडी फोर-बाय-फोर." जुन्या जीपचा विषय निघाला की गॅरेजमध्ये हे वाक्य कुणीतरी टाकतंच. ते अर्धं खरं आहे. (हौसिंग म्हणजे एक्सल आणि त्याचे गिअर ज्यात बसतात ती दोन चाकांमधली लोखंडी पेटी. ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या आणि मागच्या हौसिंगला वाटणारी पेटी.) पुढचं हौसिंग बसवणं हा या कामातला दिसायला मोठा, पण त्यामानाने सरळ भाग. पैसा आणि वेळ खातं ते मागचं हौसिंग, ज्याला हात लावायचा विचारही गाडीमालकाने केलेला नसतो. बरीच कामं गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली अर्धवट पडून राहतात ती यामुळेच.

इथे जे लिहिलंय ते महिंद्राच्या पुढे-मागे पाटे असलेल्या जुन्या गाड्यांसाठी: कमांडर, मेजर आणि त्यांच्या घराण्यातल्या टू-व्हील ड्राइव्ह गाड्या, ज्यांना पुढे नुसता बीम एक्सल (चाकांना ताकद न देणारा साधा दांडा) असतो. पुढे कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार असलेल्या बोलेरोसारख्या गाड्यांचं काम निराळं. तिथे पुढचं सस्पेन्शनच मुळापासून बदलावं लागतं आणि तो खर्च बघितला तर सरळ फोर-बाय-फोर गाडी शोधलेली बरी.

पाटेवाल्या जीपवर हे काम होऊ शकतं, कारण तिचा सांगाडा मुळात फोर-बाय-फोरचाच. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली आणि पुढची कित्येक दशकं त्याच रचनेवर गाड्या काढल्या. त्यामुळे १९४१ च्या विलीज एमबीमध्ये आलेली स्पायसर कंपनीची मॉडेल-१८ ट्रान्सफर केस (आपल्याकडे तिला सगळे डाना-१८ म्हणतात) आपल्या भंगार बाजारात अजून मिळते. तिचे गिअर, बेअरिंग, सील हेही मिळतं.

कागद पहिले, पाना नंतर

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरची माहिती आणि उत्पादकाने मुळात ठरवलेली गाडी यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडक लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगीशिवाय केलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

म्हणून सुट्या भागांच्या मागे लागण्याआधी आरटीओत लेखी अर्ज करा. तुमच्या मॉडेलची फोर-बाय-फोर आवृत्ती कंपनीने स्वतः विकली असेल तर तिचं माहितीपत्रक, पार्ट कॅटलॉगची पानं, दोन्ही गाड्यांचा व्हीलबेस आणि वजन हे अर्जासोबत जोडा. "मी नवं काही शोधून काढत नाही, कंपनीनेच जी गाडी काढली तशी करतोय" हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा. तरीही परवानगी मिळेलच असं गृहीत धरू नका. नकार आला तर काम तिथेच थांबवा आणि आहे ती गाडी विकून कागदोपत्री फोर-बाय-फोर असलेली घ्या. परवानगी मिळाली तर काम झाल्यावर गाडी दाखवून आरसीवर नोंद करून घ्यायची आणि विमा कंपनीला लेखी कळवायचं. अपघातात दावा अडकतो तो न कळवलेल्या बदलावर.

दुसरी गाडी भाग काढण्यासाठी विकत घेत असाल तर तिचे कागद रीतसर रद्द झालेत का ते बघा आणि भागांचं बिल घ्या. "चेसिस प्लेटसकट देतो" असं कुणी म्हणालं तर तिथून उठून या.

गाडीखाली आडवे व्हा

आता मागच्या हौसिंगची गोष्ट. डाना-१८ मध्ये गिअरबॉक्सच्या मेनशाफ्टवरची ताकद एका मधल्या गिअरवर येते आणि तिथून खालच्या आउटपुट शाफ्टवर जाते. हा आउटपुट शाफ्ट गाडीच्या मधोमध नसतो, उजवीकडे सरकलेला असतो. त्याचं पुढचं टोक पुढच्या हौसिंगकडे आणि मागचं टोक मागच्या हौसिंगकडे बघतं, दोन्ही एकाच रेषेत. म्हणून अशा जीपमध्ये पुढचा गोळाही (हौसिंगचा फुगीर भाग, ज्यात गिअर असतात) उजवीकडे आणि मागचा गोळाही उजवीकडे असतो.

टू-व्हील गाडीत ट्रान्सफर केस नाही, प्रॉपेलर (हौसिंगपर्यंत ताकद नेणारा लांब फिरता शाफ्ट) गिअरबॉक्सच्या शेपटातून सरळ निघतो आणि मागचा गोळा मधोमध असतो. अशा गाडीत डाना-१८ बसवून मागचं हौसिंग तसंच ठेवलं तर प्रॉपेलर खालीही तिरका आणि बाजूलाही तिरका चालतो. लहान व्हीलबेसच्या जीपमध्ये मागचा प्रॉपेलर आधीच आखूड, त्यात ट्रान्सफर केसने आणखी जागा खाल्ली की तो हातभर उरतो. मग क्रॉस (प्रॉपेलरच्या टोकांचे वाकणारे सांधे) थोड्याच दिवसांत ढिले पडतात, पन्नासच्या पुढे गाडी गुणगुणायला लागते आणि पिनियनचं (प्रॉपेलरने फिरणाऱ्या गोळ्यातल्या छोट्या गिअरचं) सील वारंवार फुटतं. गॅरेजवाला दर वेळी क्रॉस बदलून देतो. आजार मात्र तसाच.

तेव्हा आधी खाली आडवे होऊन दोन गोष्टी बघा: मागचा गोळा कुठे आहे, आणि तुम्हाला मिळणाऱ्या ट्रान्सफर केसचं मागचं टोक कुठे निघतं. नंतरच्या काळातल्या चेनवाल्या ट्रान्सफर केसमध्ये मागचा शाफ्ट मधोमध सरळ निघतो, त्यामुळे मधल्या गोळ्याचं हौसिंग चालू शकतं. डाना-१८ घेणार असाल तर मागचं हौसिंगही बाजूच्या गोळ्याचंच घ्या. यात तडजोड नाही.

त्याच वेळी चेसिसही तपासा. ट्रान्सफर केसखालच्या क्रॉस मेंबरची भोकं चेसिसवर आहेत का, पुढच्या पाट्यांमधलं अंतर किती, सायलेन्सरचा पाइप कुठून जातो, इंजिनचा चेंबर (खालची ऑइलची टाकी) पुढच्या एक्सलच्या किती वर आहे. सगळी मापं वहीत लिहा. फोटोवर विसंबू नका, फोटोत अंतर कळत नाही.

ताकद पुढे न्यायचे तीन मार्ग

पहिला मार्ग: फोर-बाय-फोर गाडीचा अख्खा संच उचलायचा. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही हौसिंग, दोन्ही प्रॉपेलर, क्रॉस मेंबर, लिव्हर, सगळं एकाच गाडीचं. मला विचाराल तर हाच. आधी महाग वाटतो, पण या भागांनी एकमेकांसोबत आधीच काम केलेलं असतं.

दुसरा मार्ग: तुमचाच गिअरबॉक्स ठेवून त्याचा मेनशाफ्ट आणि मागचं केसिंग फोर-बाय-फोरचं घालायचं. गिअरबॉक्स एकाच घराण्यातला असेल तरच जमतं आणि त्यासाठी पेटी पूर्ण उघडावी लागते. क्लच आणि बेल हाउसिंग बदलावं लागत नाही, हा त्यातला फायदा.

तिसरा मार्ग: ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटी बसवायची आणि मध्ये आखूड शाफ्ट द्यायचा. मारुती जिप्सीत कंपनीनेच अशी सुटी केस दिली होती, म्हणून तिच्यावर अनेकांचा डोळा असतो. पण ती केस लहान पेट्रोल इंजिनासाठी बनलेली. महिंद्राच्या डिझेल इंजिनाचा पहिल्या गिअरमधला जोर तिच्यावर टाकायचा म्हणजे बैलगाडीचं जू शेळीच्या मानेवर ठेवण्यातला प्रकार. शिवाय माउंटिंग घरीच बनवावं लागतं आणि त्यात जरा तिरकेपणा राहिला की थरथर कायमची.

रेशो मोजल्याशिवाय पैसे देऊ नका

पुढच्या आणि मागच्या क्राऊन-पिनियनचा (गोळ्यातल्या मोठ्या आणि छोट्या गिअरच्या जोडीचा) रेशो, म्हणजे दातांचं प्रमाण, एकच हवा. या गाड्यांमध्ये पुढच्या-मागच्या चाकांमधला फरक सांभाळणारा डिफरन्शियल ट्रान्सफर केसमध्ये नसतो, दोन्ही प्रॉपेलर एकमेकांना घट्ट जोडलेले असतात. रेशो वेगळे असले तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि मधला सगळ्यात कमजोर भाग तुटतो.

विलीज घराण्यात ५.३८ चा रेशो (४३ आणि ८ दात) जुन्या सीजे (नागरी जीप) गाड्यांना होता, ४.८८ चा (३९ आणि ८) युद्धकाळातल्या एमबीला. हौसिंगांच्या या घराण्यात ४.२७ आणि ४.०९ असेही रेशो आहेत. ४.२७ आणि ४.०९ ऐकायला जवळचे वाटतात, पण फरक चार टक्क्यांहून जास्त आहे. मागचं चाक शंभर मीटर जाईल तेवढ्यात पुढच्याला चार मीटरहून जास्तीचा हिशेब चुकवावा लागतो. चिखलात तो घसरून चुकतो, मुरमाच्या रस्त्यावर चुकत नाही.

विकणारा सांगेल तो आकडा मानू नका, स्वतः मोजा. हौसिंग दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवा. एका बाजूचा हब कुणालातरी घट्ट धरायला सांगा. दुसऱ्या बाजूचा हब पूर्ण २० फेरे फिरवा आणि पिनियनच्या फ्लँजवर खडूची खूण करून तिचे फेरे मोजा. एक बाजू धरलेली असताना दुसरीचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक फेरा, म्हणजे २० फेऱ्यांत क्राऊन १० वेळा फिरतो. पिनियनचे फेरे ४२.७ च्या आसपास आले तर रेशो ४.२७, ४०.९ आले तर ४.०९. दोनच फेऱ्यांत मोजाल तर पाव फेऱ्याचा घोळ होतो, म्हणून वीस. पुढच्या हौसिंगवर फ्री व्हीलिंग हब (चाक शाफ्टपासून सोडवता येणारे हब) असतील तर ते लॉक करून मोजा, नाहीतर चाक फिरेल आणि पिनियन जागचा हलणार नाही.

टायरचंही तेच. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. या गाड्यांना पाच बोल्टचं, साडेपाच इंची वर्तुळाचं चाक असतं, त्यामुळे त्या मापाची कुठलीही रिम बसते आणि त्यातूनच वेगवेगळे टायर लावायचा मोह होतो.

बाजारात काय बघायचं

मुंबईत कुर्ल्याच्या भंगार गल्ल्या आहेत, लष्कराच्या लिलावातून आलेला मालही फिरत असतो. लेथ आणि वेल्डिंगसाठी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरसारखी जागा जवळ असेल तर नशीब समजा. तिथला टर्नर शाफ्ट हातात घेऊनच सांगतो की तो वाकलाय.

पुढच्या हौसिंगमध्ये सर्वात आधी नकलचे (चाक जिथे वळतं त्या सांध्याचे) गोळे बघा. बंद प्रकारच्या नकलमध्ये हौसिंगच्या टोकाला एक मोठा गुळगुळीत गोळा असतो आणि त्यावर सील घासत फिरतं. गाडी वर्षानुवर्षं उघड्यावर पडली असेल तर या गोळ्यावर गंजाचे खड्डे पडलेले असतात. बोट फिरवलं की कळतं. असे खड्डे असले तर नवं सील महिनाभरही टिकत नाही, ग्रीस ब्रेक ड्रमपर्यंत येतं. बारीक गंज पॉलिश पेपरने जातो, खोल खड्डे जात नाहीत.

मग हौसिंगचा ड्रेन बोल्ट उघडा. ऑइल काळं असणं चालेल. त्यात चकाकणारे कण असतील तर बेअरिंग गेलंय, तुकडे असतील तर दात गेलेत. पाणी शिरलेलं ऑइल दुधाळ दिसतं. पिनियनचा फ्लँज हाताने पुढे-मागे ओढा: थोडी फिरकी चाल असणारच, पण तो आत-बाहेर हलायला नको. शेवटी दोन्ही टोकांना दोरी ताणून ट्यूब वाकलीय का ते बघा. पुढची हौसिंगं खड्ड्यात आदळून वाकलेली बऱ्याचदा सापडतात.

मागच्या बाजूच्या गोळ्याच्या हौसिंगमध्ये डावा आणि उजवा शाफ्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. जमलं तर जादा शाफ्ट तिथेच विकत घ्या, नंतर शोधताना दमछाक होते.

ट्रान्सफर केस उघडणं

जुनी डाना-१८ न उघडता बसवू नये. तिच्या मधल्या गिअरचा शाफ्ट हा तिचा कमकुवत कोपरा. मागची लॉक प्लेट काढून शाफ्ट ओढून बाहेर घ्या आणि नखाने त्याच्या अंगावर आडवा ओरखडा काढून बघा. नख कुठे अडकलं की शाफ्ट, निडल बेअरिंग आणि थ्रस्ट वॉशर सगळं नवं. फक्त बेअरिंग बदलून पैसे वाचत नाहीत, झिजलेला शाफ्ट नवं बेअरिंगही खातो. निडल सुटे असतील तर गिअरच्या भोकात ग्रीस लावून एकेक चिकटवा आणि त्याच जाडीचा आखूड तुकडा आत सरकवून ठेवा. मग खरा शाफ्ट घालताना तो तुकडा पुढे ढकलला जातो आणि निडल पडत नाहीत.

दोन शिफ्टर रॉडच्या मध्ये एक छोटी पिन असते. गाडी फोर-व्हीलमध्ये असल्याशिवाय लो रेंज लागू नये हे काम तिचं. उघडताना ती हमखास टणकन खाली पडून टेबलाखाली जाते, म्हणून खाली कापड पसरा. काही जण ती मुद्दाम काढून टाकतात, म्हणजे टू-व्हीलमध्येही लो लागतो. या केसचा लो साधारण २.४६ चा, म्हणजे इंजिनचा जोर अडीचपट होऊन एकट्या मागच्या शाफ्टवर जातो. शाफ्ट तुटायचा असेल तर यापेक्षा सोपी युक्ती नाही. पिन जागच्या जागी घाला.

गिअरबॉक्सचा मेनशाफ्ट केसमध्ये येऊन त्यावर ड्राइव्ह गिअर बसतो आणि मागून नट लागतो. तो घट्ट करायला मागचं गोल झाकण उघडावं लागतं. नटला नवी कॉटर पिन घाला. या जोडीत गिअरबॉक्स आणि केसचं ऑइल बेअरिंगमधून एकमेकांकडे झिरपतं, म्हणून दोन्हींत एकच प्रकारचं ऑइल हवं: नव्वद नंबरचं जीएल-४. जीएल-५ मधला गंधक गिअरबॉक्समधल्या पितळी भागांना बाधतो. हौसिंगमध्ये मात्र जीएल-५ चालतं.

बसवण्याचा क्रम

मागून सुरुवात करा. मागचं हौसिंग, मग गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस, मग मागचा प्रॉपेलर, मग पुढचं हौसिंग, सगळ्यात शेवटी पुढचा प्रॉपेलर. मागचा प्रॉपेलर बसला की गाडी टू-व्हीलमध्ये चालवता येते, त्यामुळे पुढचं काम पैसे जमतील तसं करता येतं आणि काही बिघडलं तर दोष कुठल्या टोकात आहे तेही कळतं.

गाडी चेसिसखाली घोड्या (लोखंडी स्टँड) लावून उचला, नुसत्या जॅकवर कधीच नको. आणि एक लक्षात ठेवा: ज्या जुन्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागच्या टोकाला असतो, तिथे एक मागचं चाक जरी उचललं तरी हँडब्रेक निकामी होतो. डिफरन्शियलमधून उचललेलं चाक उलटं फिरतं आणि गाडी निघते. चाकांना दगड लावल्याशिवाय खाली जायचं नाही.

गिअरबॉक्स चढवण्याआधी इनपुट शाफ्टच्या स्प्लाइन तुमच्या क्लच प्लेटमध्ये बसतात का आणि टोक पायलट बेअरिंगमध्ये जातं का ते खालीच करून बघा. केस लागली की क्रॉस मेंबर मागे सरकतो, त्यासाठी चेसिसवर नवी भोकं पाडावी लागली तर ड्रिलने पाडा. गॅस कटिंगचं भोक वाकडं होतं आणि बोल्ट त्यात खेळत राहतो.

पुढचं हौसिंग पाट्यांवर ठेवताना त्याचे बैठे पाट (हौसिंगवरच्या ज्या बैठकी पाट्यांवर टेकतात त्या) तुमच्या पाट्यांच्या अंतराला जुळतात का ते कळेल. जुळत नसतील तर ते कापून पुन्हा जोडावे लागतात. अशा वेळी आधी वेल्डिंगचे फक्त टाके मारा. गाडी चाकांवर उतरवा, इंजिनचं पूर्ण वजन येऊ द्या, मग कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव) मोजा. जुन्या विलीज जीपला ३ अंश कॅस्टर आणि दीड अंश कॅम्बर (चाकाचा बाजूला कल) ठेवत, ते माप इथेही आधाराला घ्यायला हरकत नाही. पूर्ण वेल्डिंग थोडं थोडं, एकदा पुढून एकदा मागून करा, नाहीतर उष्णतेने ट्यूब वाकते. ओतीव गोळ्यावर वेल्डिंग करायचं नाही.

आता चेंबरची चाचणी, जी बहुतेक जण टाळतात. दोन्ही पुढच्या पाट्यांमधले सगळे पाटे काढून फक्त मुख्य पाटा ठेवा. हौसिंगखाली जॅक लावून ते बंप रबरला टेकेपर्यंत वर घ्या, आणि त्या स्थितीत स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा. गोळा चेंबरला लागतो का, प्रॉपेलर सायलेन्सरला घासतो का, टाय रॉड पाट्याला अडतो का, ब्रेकची रबरी नळी ताणते का, हे सगळं तेव्हाच दिसतं. खड्ड्यात गाडी आपटल्यावर चेंबरला भोक पडून कळण्यापेक्षा हे बरं. अडत असेल तर पाटे भारी करा किंवा बंप रबर उंच करा. नव्या हौसिंगचं वजन बीमपेक्षा बरंच जास्त आहे, त्यामुळे पुढे एक पाटा वाढवावा लागतोच. चार-पाच इंच उचलायच्या फंदात मात्र पडू नका, प्रॉपेलरचा कोन आणि ड्रॅग लिंकचा कोन दोन्ही बिघडतात आणि रस्त्यावर प्रत्येक गचक्याला स्टिअरिंग हातात उडी मारतं.

नकलमधले वळण-अडक बोल्ट असे लावा की पूर्ण वळणावर टायर पाट्याला लागणार नाही आणि आतला जॉइंट त्याच्या हद्दीबाहेर वाकणार नाही. चाकाचं बेअरिंग कसताना चाक फिरवत नट घट्ट करा, चाक जड लागलं की साधारण एक षष्ठांश फेरा सैल करा, मग लॉक वॉशर आणि दुसरा नट.

प्रॉपेलर

दोन्ही प्रॉपेलरची लांबी गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना मोजायची. स्लिप जॉइंट साधारण मध्यावर हवा, म्हणजे पाटा दबला तरी शाफ्ट टेकणार नाही आणि लोंबला तरी सुटणार नाही. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे कान) एका रेषेत हवेत. नळीवर बाणाच्या खुणा असतात, त्या जुळवा. एक दात जरी चुकला तरी थरथर येते आणि मग माणूस टायर बॅलन्सिंगवर पैसे घालत बसतो. ट्रान्सफर केसचा फ्लँज आणि पिनियनचा फ्लँज एकमेकांना समांतर करा, लागल्यास पाट्याखाली पाचर घालून. नळी कापून आखूड केली असेल तर बॅलन्सिंग करून घ्या, आणि वेल्डिंग प्रॉपेलरची कामं करणाऱ्याकडेच करा.

स्पीडोमीटरची केबल आता ट्रान्सफर केसच्या मागच्या टोकातून घ्यायची, म्हणजे जुनी केबल बहुधा लांबीत जुळणार नाही. लिव्हरसाठी फ्लोअरला भोक पाडल्यावर कडेला रबर लावा, नाहीतर पावसाळ्यात घोट्यापर्यंत चिखल आत येतो. दोन्ही हौसिंगच्या ब्रीदरला (हवा जायच्या भोकाला) रबरी नळी लावून ती बॉनेटच्या उंचीपर्यंत आणा. तापलेलं हौसिंग ओढ्याच्या गार पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढलं जातं.

चाचणी

पहिली चाचणी इंजिन सुरू न करता. गाडी सपाट जमिनीवर, गिअर न्यूट्रल, ट्रान्सफर केस टू-व्हीलमध्ये, पुढचे हब लॉक. दोन्ही प्रॉपेलरवर खडूची रेघ मारा आणि दोघा-तिघांनी गाडी सरळ ढकला. मागच्या प्रॉपेलरचे दहा फेरे झाले की पुढच्याचेही दहाच व्हायला हवेत. पाव फेऱ्याने चुकत असेल तर टायरची हवा तपासा. त्याहून जास्त फरक असेल तर रेशोत गडबड आहे, गाडी सुरू करू नका.

दुसरी चाचणी चारही चाकं घोड्यांवर, खाली कुणी नाही. फोर-लो, पहिला गिअर, इंजिन निवांत. एका एक्सलची दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरली किंवा एक थांबलं तरी घाबरू नका, उघड्या डिफरन्शियलमध्ये ब्रेकचा थोडा अडथळाही तसं करतो. प्रॉपेलर दोन्ही सारखे फिरतायत का आणि आवाज कुठून येतो ते ऐका.

तिसरी चाचणी मोकळ्या कच्च्या जमिनीवर. फोर-व्हीलमध्ये आठ आकडा काढा, मग सरळ थांबून लिव्हर टू-व्हीलमध्ये आणा. लिव्हर अडकली तर थोडं मागे घेऊन पुन्हा ओढा. डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावायचं नाही, पावसातही नाही. ओला डांबरही या गाडीसाठी कोरडाच.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट, प्रॉपेलरचे बोल्ट आणि नकलचे बोल्ट पुन्हा कसा. ५०० ला पुन्हा. १,००० ला चारही पेट्यांचं ऑइल बदला आणि काढलेलं ऑइल पांढऱ्या फडक्यावर ओता. थोडी बारीक धूळ दिसेल ती नव्या बेअरिंगची. नंतर महिन्यातून एकदा तरी हब लॉक करून शेतरस्त्यावर दोन-चार किलोमीटर फोर-व्हीलमध्ये चालवा, म्हणजे पुढच्या हौसिंगमधलं ऑइल वरच्या बेअरिंगपर्यंत पोचतं आणि सील कोरडं पडत नाही.